ऐकण्याच्या कोपऱ्यातलं बटण मुलांच्या हाती द्या

प्राथमिक शाळांचे मुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि शाळा व्यवस्थापनातील सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या वर्षाचं वेळापत्रक आखायला बसाल तेव्हा पहिली ते तिसरीच्या भाषेच्या तासांतून रोज वीस मिनिटं ऐकण्याच्या कोपऱ्यासाठी राखून ठेवावीत, अशी विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. वर्गाच्या एका बाजूला सतरंजी, तिच्यावर चार मुलं, गोष्ट वाजवणारं एक साधं यंत्र, प्रत्येकाच्या कानावर हेडफोन आणि प्रत्येकाच्या हातात त्याच गोष्टीचं पुस्तक, एवढाच पसारा. मुलं ऐकतात, ओळीवर बोट फिरवतात, पान उलटतात, अडलं तर थांबवून मागे जातात. शिक्षक तेवढ्या वेळात दुसऱ्या गटाजवळ बसून एकेकाचं वाचन ऐकतात.

कल्पना जुनीच आहे. कॅसेट १९६३ साली आली आणि सत्तरच्या दशकात टेपवर गोष्ट ऐकत पुस्तक वाचण्यावर गंभीर संशोधनही सुरू झालं. आज बऱ्याच शाळांत असा कोपरा नावाला असतो. मग पत्र कशाला? कारण या कोपऱ्याचं बहुतेक ठिकाणी होतं काय, ते आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. काम लवकर उरकलेल्या मुलांना तिथे बसवतात, नाहीतर वर्गात दंगा करणाऱ्यांना. गोष्ट लावून देतात, हेडफोन चढवतात, मुलं शांत होतात. शांत मुलं पाहून आपण शिक्षक जरा लवकरच समाधानी होतो. पुस्तक मांडीवर बंद असतं, बोट कुठेच नसतं, आणि यंत्राला हात लावायचा नाही अशी ताकीद असते.

हा कोपरा वाचनासाठी असेल तर यंत्राचं बटण मुलाच्या हातात हवं, आणि गोष्ट संपल्यावर मुलाने त्याच पुस्तकाकडे आवाजाशिवाय परत जायला हवं. या दोन अटी पाळता येणार नसतील तर ती वीस मिनिटं शिक्षकांनीच वाचून दाखवण्यात घालवलेली केव्हाही चांगली.

आता हे का, ते जरा सविस्तर सांगते.

सहा वर्षांच्या मुलाचे कान आणि डोळे एका वयाचे नसतात. कानांनी ते राक्षसाची लांबलचक गोष्ट ऐकतं, त्यातला डाव ओळखतं, राजपुत्र खोटं बोलतोय हे आपल्याआधी सांगतं. डोळ्यांनी मात्र ते ‘नळ बंद कर’पाशी अडखळत असतं. फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर या अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाची एक सोपी मांडणी केली: लिखित मजकूर समजणं म्हणजे अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. त्यांनी बेरीज घेतली नाही, गुणाकार घेतला. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच. पहिलीत आपण सगळा जोर पहिल्या संख्येवर लावतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्या काळात दुसरी संख्या वाढवायची राहून जाते, हे आपल्या लक्षात येत नाही. मुलाला जे वाचता येतं त्यात त्याच्या बुद्धीला खाऊ नसतो आणि ज्यात खाऊ असतो ते वाचता येत नाही. थॉमस स्टिख्ट आणि जेम्स जेम्स यांनी १९८४ मध्ये या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. ऐकून समजणं आणि वाचून समजणं यांतलं अंतर सातवी-आठवीच्या सुमारास मिटतं, असं त्यांना दिसलं. म्हणजे इतकी वर्षं मुलाचे कान डोळ्यांच्या पुढे असतात. या पुढे असलेल्या कानांना आपण वर्गात काय देतो? बहुतेक सूचनाच.

‘ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे’, हा आक्षेप तुमच्यापैकी अनेकांच्या ओठांवर असेल. तो मला मान्य आहे, आणि तो पुराव्यानिशी खरा आहे. मेरी अ‍ॅन एव्हान्स आणि जाँ सँ-ओबँ यांनी २००५ मध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवताना त्यांची नजर पानावर कुठे फिरते हे यंत्राने टिपलं. मुलं चित्रं बघत होती. अक्षरांकडे नजर क्वचितच जात होती. मोठं माणूस मांडीवर घेऊन प्रेमाने वाचत असतानाही जर असं होत असेल, तर हेडफोन लावून बसलेल्या मुलाची नजर आपोआप ओळीवर जाईल अशी आशा धरणं भाबडेपणाचं आहे. डेव्हिड शेअर यांनी १९९५ मध्ये मांडलेला मुद्दाही इथे लागू पडतो: मूल एखादा नवा शब्द स्वतः अक्षर-अक्षर लावून उच्चारतं तेव्हाच त्या शब्दाचं लिखित रूप त्याच्या डोक्यात बसू लागतं. ही मेहनत त्याच्या वतीने दुसरं कोणी करू शकत नाही. यंत्र तर नाहीच.

मग कोपरा का? कारण ऐकणं आणि वाचणं यांच्यामध्ये एक टप्पा असतो आणि आपल्या शाळांत त्या टप्प्यासाठी जागाच नाही. अक्षरं येतात, शब्द लागतात, पण वाक्य वाहत नाही, असं मूल प्रत्येक वर्गात सापडतं. ते ‘झाडा... खाल... च्या... घरा... त’ असं वाचतं आणि ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरतं. त्याला पुन्हा बाराखडीवर नेलं जातं. बाराखडी तर त्याला येतेच! त्यामुळे ते कंटाळतं, आणि आपण त्याच्या नावापुढे ‘वाचनात मागे’ असं लिहून ठेवतो.

कॅरल चॉम्स्की यांनी नेमक्या अशाच मुलांबरोबर काम केलं आणि १९७६ मध्ये ते प्रसिद्ध केलं. तिसरीतली, आठ वर्षांची पाच मुलं. अक्षरं उलगडण्याचं भरपूर शिक्षण झालेलं, पण पुस्तक हातात घेतलं की घाम फुटायचा. चॉम्स्कींनी त्यांना आणखी सराव दिला नाही. गोष्टीची पुस्तकं टेपवर रेकॉर्ड करून दिली. पुस्तक मुलाने निवडायचं, टेप लावून ओळींवर लक्ष ठेवत ऐकायचं, आणि ते पुस्तक स्वतःला सफाईने वाचता येईपर्यंत हवं तितक्या वेळा ऐकायचं. मधूनमधून मोठं माणूस येऊन वाचन ऐकायचं, त्याच मजकुरातल्या शब्दांचे खेळ घ्यायचं. पहिलं पुस्तक जमायला बराच वेळ लागला, पुढची त्याहून लवकर जमली. यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे मुलांना एकाच पुस्तकाशी मनसोक्त रेंगाळायची मुभा होती. आपल्याकडे एकच धडा तिसऱ्यांदा वाचणारं मूल दिसलं की आपण म्हणतो, ‘अरे, हे झालंय की, पुढचं घे.’ १९७९ मध्ये एस. जे. सॅम्युअल्स यांनी पुनर्वाचनाची जी पद्धत मांडली, तिचंही सांगणं हेच होतं. छोटा उतारा ओघ येईपर्यंत पुन्हा पुन्हा वाचला की ती सफाई पुढच्या नव्या उताऱ्यालाही उपयोगी पडते.

आपल्या लिपीचा विचार केला तर आवाजाची सोबत आणखी मोलाची ठरते. देवनागरी जशी लिहिली जाते तशीच वाचली जाते, असं आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. नवशिक्या वाचकाला विचारा! ‘किती’ या शब्दात पहिली वेलांटी डोळ्याला आधी दिसते आणि जिभेवर नंतर येते. ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो, पण बोलायचा त्याच्या आधी. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांत अक्षर एकच, पण त्यातले ‘झ’ वेगळे. ‘चंद्र’ आणि ‘चांदणं’ यांतले ‘च’ही वेगळे. ‘घर’ लिहिताना ‘र’ पूर्ण असतो, बोलताना तो अर्धवट सोडून आपण मोकळे होतो. अनुस्वार तर पुढचं अक्षर बघून आपला सूर बदलतो. हे सगळं मुलाच्या कानाला आधीच ठाऊक असतं. डोळ्याला ते कानाशी जोडून द्यायचं असतं, आणि ते नियम सांगून होत नाही. शब्दावर बोट असताना तोच शब्द बरोबर कानावर पडला की होतं. शिवाय आपले प्रत्यय शब्दाला चिकटून बसतात. ‘बोलावल्यावरसुद्धा’ हा मुलाच्या दृष्टीने शब्द नसून आगगाडी आहे. आवाज ती गाडी कुठे जोडलीय आणि कुठे सलग जाते ते दाखवतो.

यासाठी आवाज कसा हवा, यावर मी थोडा वेळ घेणार आहे, कारण सगळा खेळ इथेच बिघडतो. विकतच्या ध्वनिफिती आणि इंटरनेटवरच्या बहुतेक बोलक्या गोष्टी ऐकण्याच्या आनंदासाठी केलेल्या असतात. निवेदक कसलेला असतो, मागे संगीत असतं, वेग असतो. नुसतं ऐकायला त्या उत्तम. बोट मात्र त्या वेगाने धावू शकत नाही. पहिल्या दोन ओळींनंतर मूल बोट उचलतं आणि चित्र बघू लागतं. मेरी कार्बो यांनी १९७८ मध्ये हेच सांगितलं होतं: रेकॉर्डिंग संथ हवं, अर्थपूर्ण तुकड्यांत हवं आणि एका वेळी थोडंच हवं. संथ म्हणजे एकेक शब्द तोडून नव्हे. ‘म्हातारी. काठी. टेकत. निघाली.’ असं वाचलं तर आपण मुलाचाच दोष त्याला परत ऐकवतो. ‘म्हातारी... काठी टेकत टेकत... निघाली’ असं, श्वास जिथे घ्यायचा तिथेच घेऊन वाचावं.

म्हणून माझा आग्रह असा की रेकॉर्डिंग वर्गशिक्षकांनीच करावं. साधा फोन पुरतो. दार लावून, पंखा बंद करून, फोन तोंडापासून वीतभर लांब ठेवून वाचावं. सुरुवातीला पुस्तकाचं नाव सांगावं आणि ‘पहिलं पान उघडा, चित्र बघून घ्या’ म्हणून थोडं थांबावं. ही चित्र बघायची सवड फार कामाची असते, कारण चित्राची भूक आधी भागली की नजर ओळीवर यायला तयार होते. पान उलटायच्या जागी टिचकी, टाळी, काहीही ठरलेली खूण असावी आणि तिच्यानंतर छोट्या हातांना पान उलटायला पुरेल एवढा वेळ सोडावा. चिकटलेली दोन पानं सोडवायला सहा वर्षांच्या बोटांना किती वेळ लागतो, हे वर्गात बसल्याशिवाय कळत नाही. पुस्तकात जे छापलंय तेच वाचावं. रंगात येऊन पदरचं वाक्य घातलं की ओळीवर बोट फिरवणारं मूल हरवतं. आवाज काढावेत, पण बेताने. वाघाची डरकाळी एकदा आली की मुलं तेवढीच डरकाळी पुन्हा पुन्हा लावतात, हा अनुभव बहुतेक शिक्षकांना येईल. लावू द्यावी. थोड्या दिवसांनी तिचं नावीन्य संपतं.

वर्गशिक्षकांच्या आवाजाचा आणखी एक फायदा असा की मूल रोज ज्यांचं बोलणं ऐकतं त्यांचाच उच्चार आणि त्यांचीच लकब त्याला पुस्तकात भेटते. ज्या मुलांच्या घरी शाळेची भाषा बोलली जात नाही त्यांना याचा विशेष आधार होतो. वरच्या वर्गातल्या मुलांकडून रेकॉर्डिंग करून घेणं हीसुद्धा मस्त कल्पना आहे. पाचवीतलं मूल पहिलीतल्यांसाठी गोष्ट रेकॉर्ड करायला बसलं की ती गोष्ट ते किती वेळा वाचतं बघा, आणि तेही कोणी न सांगता. मात्र छापील पुस्तकांची रेकॉर्डिंग शाळेबाहेर पाठवायची किंवा इंटरनेटवर टाकायची असतील तर प्रकाशकाची परवानगी लागते. मुक्त परवान्याच्या गोष्टी घेतल्या तर हा प्रश्न येत नाही.

आता बटणाविषयी. वाचणारा मोठा माणूस सतत निर्णय घेत असतो. इथे थांबू, हे पुन्हा बघू, हे सोडून देऊ. गोष्ट लावून देणारे आपण आणि थांबवणारेही आपणच असू, तर मुलाकडे एकही निर्णय उरत नाही. ते फक्त ऐकणारं राहतं. थांबवण्याचं आणि मागे जाण्याचं बटण हातात आलं की मूल पहिल्यांदा स्वतःला विचारतं, ‘मला हे कळलं का?’ चांगल्या वाचकाची ही सवय पुढे चौथी-पाचवीत शिकवायला जड जाते. सुरुवातीला मुलं बटणाशी खेळणार, हे गृहीत धरा. एकाच वाक्यावर दहादा मागे जातील. ज्या वाक्यावर मूल पुन्हा पुन्हा मागे जातं, ते वाक्य शिक्षकांनी मनात टिपून ठेवावं. परीक्षेपेक्षा जास्त तिथे कळतं.

चार मुलं आणि एक बटण म्हणजे भांडण, हे उघड आहे. रोज एकाची पाळी लावली की सुटतं, आणि ‘थांब’ म्हणायला हात वर करायचा एवढा एकच नियम पुरतो. पहिले दोन-तीन आठवडे कोपऱ्यात गोष्ट ऐकवूच नये असं माझं मत आहे. त्या काळात फक्त यंत्र चालू करणं, आवाज ठरवणं, हेडफोन डोक्यावर नीट बसवणं, वायर गुंडाळणं, पुस्तक जागेवर ठेवणं यांचा सराव घ्यावा. हिरवा ठिपका चालू करायचा, लाल थांबवायचा, पिवळा मागे जायचा, अशी चिकट कागदाची वर्तुळं लावली की अक्षर न येणारं मूलही यंत्र चालवतं. शिक्षकांकडे धावत न येता सोडवायच्या अडचणी कोणत्या आणि यायच्या कोणत्या, तेही आधीच ठरवावं. आवाज येत नसेल तर शेजाऱ्याला विचार, वायर निघाली असेल तर लाव, कान दुखत असेल तर ताबडतोब मला सांग. हा सराव वाया गेलेला वेळ दिसतो, आणि तपासणीला आलेले साहेब ‘मुलं वायर का गुंडाळतायत?’ असं नक्की विचारतील. त्यांना कृपया तुम्ही उत्तर द्या. पुढे वर्षभर शिक्षकांना दुसऱ्या गटाजवळ निवांत बसता येतं ते याच्याच जोरावर.

गोष्ट संपल्यावर काय, हा प्रश्न सगळ्यात नाजूक. आपल्या हाताला चटकन सुचतं ते म्हणजे प्रश्नपत्रिका. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, गोष्टीतून मिळणारा बोध लिहा. माझी कळकळीची विनंती आहे की हे करू नका आणि शिक्षकांकडून मागूही नका. गोष्ट ऐकल्यावर भरायचा कागद असला की मुलं गोष्ट ऐकताना कागदाचा विचार करतात. त्याऐवजी यंत्र बंद करायचं आणि दोघादोघांनी तेच पुस्तक एकमेकांना वाचून दाखवायचं. सुरुवातीला मूल अर्धं आठवणीतून बोलेल. बोलू द्या. आठवणीतला शब्द आणि छापलेला शब्द जुळत नाही तिथे ते आपणहून थांबतं, आणि त्या थांबण्यात शेअर म्हणतात ती मेहनत होते. आठवड्यातून एकदा शिक्षकांनी प्रत्येक मुलाच्या शेजारी बसून त्याने निवडलेलं एखादं पान ऐकावं. एवढं मूल्यमापन पुरे आहे.

शब्दसंपत्तीबद्दल एक सांगायला हवं. वॉर्विक एली यांनी १९८९ मध्ये न्यूझीलंडमधल्या सात-आठ वर्षांच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. गोष्ट नुसती वाचून दाखवली तरी मुलं त्यातले नवे शब्द उचलत होती, पण शिक्षकांनी वाचता वाचता शब्दाचा अर्थ थोडक्यात सांगितला तर ही वाढ दुपटीहून अधिक होत होती. म्हणून रेकॉर्डिंग कोपऱ्यात ठेवण्याआधी गोष्ट एकदा सगळ्या वर्गाला समोरासमोर वाचून दाखवावी आणि अवघड शब्द तेव्हाच उलगडावेत. कोपरा हे त्या वाचनाचं पुढचं पाऊल आहे. शिक्षकांचं मोठ्याने वाचून दाखवणं बंद करून त्या जागी कोपरा आणला, तर नुकसान मुलांचंच.

पडद्यांचा विषय काढायचं मनात नव्हतं, पण खरेदीचे प्रस्ताव तुमच्याच टेबलावर येतात. चमकणारी चित्रं, दाबल्यावर नाचणारा ससा, मध्येच येणारे खेळ असं सगळं एकात देणारी उपकरणं मोहक असतात. झोफिया ताकाच, एलिझ स्वार्ट आणि अ‍ॅड्रियाना बस यांनी २०१५ मध्ये अशा गोष्टींवरच्या चाळीसहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. कथेला धरून हलणारी चित्रं आणि आवाज मुलांना मदत करतात, पण दाबायच्या जागा आणि मधले खेळ लक्ष उडवतात, असं त्यात दिसलं. माझा कल कागदी पुस्तक आणि निव्वळ आवाज यांच्याकडे आहे. पडदा स्वतःच पान उलटतो. कागदाचं पान मुलाला उलटावं लागतं आणि त्यासाठी आपण कुठे आहोत हे त्याला माहीत असावं लागतं.

कानांची काळजी मात्र तुमची जबाबदारी आहे, ती शिक्षकांवर सोडू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मुलांसाठी ऐकण्याची सुरक्षित मर्यादा आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल इतकी आहे (मोठ्यांसाठी ८०), आणि आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. आपली वीस मिनिटं या मर्यादेच्या पुष्कळ आत आहेत. तरी आवाज एका पातळीपुढे जाऊच नये असे मुलांचे हेडफोन घ्या, कारण वर्गात गलबला वाढला की मूल हेडफोनचा आवाजही वाढवतं. कानात खुपसायचे इअरफोन नकोत, कानावर बसणारे घ्या आणि रोज पुसायला फडकं ठेवा. एखादं मूल सतत आवाज पूर्ण वाढवत असेल, किंवा हेडफोन काढून टाकत असेल, तर त्याला रागावण्याआधी पालकांना सांगून त्याचे कान तपासून घ्यायला लावा. ऐकू कमी येणाऱ्या मुलासाठी कोपऱ्याचा आग्रह नको. त्याच्यासाठी शेजारी बसून ओठ दिसतील असं वाचणारं माणूस हवं. दृष्टी कमी असलेल्या मुलाला मात्र इथे सगळ्यांच्या बरोबरीने बसता येतं. बोलक्या पुस्तकांची सुरुवात मुळात अंध वाचकांसाठीच झाली; ब्रिटनमध्ये ती १९३५ साली आली.

ज्या मुलाला अजून अक्षरांची ओळखच झालेली नाही, त्याला या कोपऱ्यातून वाचन येणार नाही, हेही स्पष्ट लिहिते. ते गोष्ट ऐकेल, शब्द शिकेल, पुस्तक कसं धरायचं आणि ओळ कुठून कुठे जाते ते शिकेल. अक्षरं त्याला माणसानेच शिकवावी लागतील, फळ्यासमोर आणि पाटीवर. दुसऱ्या टोकाला जे मूल सफाईने वाचू लागलंय, त्याला हेडफोन घालून बसवू नका. त्याला पुस्तकं द्या आणि त्याच्या वाटेतून बाजूला व्हा. कोपऱ्यातून बाहेर पडणं ही प्रगती आहे. म्हणून ‘किती मुलं कोपरा वापरतात’ असा रकाना तुमच्या अहवालात असेल तर वर्षाअखेरीला त्यातला आकडा घटलेला दिसावा.

तुमच्याकडून हवं आहे ते फार नाही. वेळापत्रकात ही वीस मिनिटं छापून द्या, म्हणजे कार्यक्रमाच्या सरावासाठी पहिल्यांदा तीच कापली जाणार नाहीत. एकाच पुस्तकाच्या चार प्रती घ्यायला परवानगी द्या. ग्रंथालयाच्या यादीत ‘प्रत आधीच आहे’ म्हणून त्या नाकारल्या जातात, आणि एका पुस्तकावर चार बोटं मावत नाहीत. यंत्र चार्ज करायची जबाबदारी एका माणसाच्या नावाने लिहून ठेवा. रेकॉर्डिंगसाठी शिक्षकांना महिन्यातून एक मोकळा तास आणि बंद दाराची खोली द्या. सगळ्या वर्गांत एकदम सुरू करू नका. ज्या शिक्षिकेला किंवा शिक्षकाला हे मनापासून करावंसं वाटतं त्यांच्या वर्गात आधी होऊ द्या, मग इतरांना तिथे येऊन बसू द्या. आणि कोपरा बघायला याल तेव्हा मुलांना ‘काय ऐकलं, सांगा बरं’ असं विचारू नका. चपला काढून सतरंजीवर बसा, एखादा हेडफोन मागून घ्या, आणि पान कधी उलटायचं ते त्यांना सांगू द्या.

आपली नम्र,
पहिली-दुसरीची एक वर्गशिक्षिका